कारखान्यातील सुरक्षा : खरेदीची वस्तू नव्हे, रोजची व्यवस्था

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. त्या आगीत आठ जणांचा बळी गेला. मृतांत कामगार होते, तसेच कारखान्याचे मालक आणि त्यांच्या घरातील माणसेही होती. मालकाचे कुटुंब कारखान्याच्याच इमारतीत राहत होते. आपल्यापैकी कित्येकांचे असेच आहे. खाली माग, वर घर. पुढे गोदाम, मागे कामगारांची झोपण्याची जागा. तेव्हा सुरक्षेचा विषय हा फक्त कामगारांच्या भल्याचा किंवा सरकारी इन्स्पेक्टरच्या तपासणीचा विषय आहे, हा समज आपण आधी काढून टाकला पाहिजे.

अपघात झाला की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "कामगाराची गफलत होती" हे एक आणि "तकदीरमध्ये होते" हे दुसरे. दोन्ही वाक्यांनी चौकशी तिथेच संपते. तकदीरवर भरवसा ठेवणारा व्यापारीही दुकानाला कुलूप लावतो, मालाचा विमा उतरवतो आणि उधारी लिहून ठेवतो. मग माणसाच्या हाताच्या आणि जिवाच्या बाबतीतच एहतियात का सोडावी?

व्यवस्था म्हणजे काय?

आग विझवण्याची दोन लाल नळकांडी भिंतीला टांगली की सुरक्षा झाली, असे पुष्कळ कारखानदार समजतात. ती नळकांडी शेवटची कधी भरली, ती चालवता कोणाला येतात आणि त्यांच्यासमोर सुताच्या गोण्या रचल्या आहेत काय, हे प्रश्न विचारले तर उत्तर मिळत नाही. हिशेबाच्या वह्या विकत आणल्याने हिशेब होत नाही. रोजमेळ रोज लिहावा लागतो, महिन्याला ताळा जमवावा लागतो आणि चूक निघाली तर ती शोधावी लागते. सुरक्षेचेही नेमके असेच आहे. धोका शोधणे, तो कमी करणे, जबाबदारी ठरवणे, घडलेले लिहून ठेवणे आणि ठरावीक मुदतीने पुन्हा पाहणे, या पाच गोष्टी ज्या कारखान्यात नित्य चालतात तिथे सुरक्षेची व्यवस्था आहे असे म्हणता येईल.

याचे आंतरराष्ट्रीय मानक २०१८ मध्ये निघाले. त्याला आयएसओ ४५००१ म्हणतात. त्यातील मूळ विचार बारा मागांच्या कारखान्यालाही लागू पडतो. त्यासाठी प्रमाणपत्राची गरज नाही, आणि नुसत्या प्रमाणपत्राने जीव वाचतही नाहीत. कराचीच्या बल्दिया भागातील तयार कपड्यांच्या कारखान्यात ११ सप्टेंबर २०१२ रोजी अडीचशेहून अधिक कामगार मरण पावले. काही आठवड्यांपूर्वीच त्या कारखान्याला कामाच्या चांगल्या परिस्थितीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. ही आग मुद्दाम लावली गेली असे मानून कराचीच्या न्यायालयाने २०२० मध्ये दोघांना फाशीची शिक्षा सुनावली. पण आग कोणीही लावलेली असो, खिडक्यांना गज आणि दरवाजे बंद असल्यामुळे माणसे बाहेर पडू शकली नाहीत.

सुरुवात मालकापासून

कामगार मालकाचे भाषण ऐकत नाही, मालकाची नजर कुठे असते ते पाहतो. रोज सकाळी सेठ येऊन फक्त "किती मीटर निघाले?" एवढेच विचारत असेल, तर मुकादमही तेच विचारणार आणि कामगारही त्यासाठीच जिवावर उदार होणार.

अमेरिकेतील ॲल्कोआ ही ॲल्युमिनियमची मोठी कंपनी. १९८७ मध्ये पॉल ओनील तिचे प्रमुख झाले. गुंतवणूकदारांच्या पहिल्याच सभेत नफ्याऐवजी त्यांनी कामगारांच्या सुरक्षेचा विषय काढला. काही गुंतवणूकदारांना वाटले, हा माणूस कंपनी बुडवणार. ज्या दुखापतीमुळे कामाचे दिवस बुडतात त्यांचे प्रमाण तेव्हा वर्षाला शंभर कामगारांमागे १.८६ होते. २००० सालापर्यंत ते ०.२ वर आले, आणि त्याच काळात कंपनीचा नफाही अनेक पटींनी वाढला. यात जादू काही नाही. अपघात का होतो हे शोधायला गेले की यंत्र कुठे बिघडते, माल कुठे खराब होतो, काम कुठे अडते हेही सापडते.

कापडाच्या धंद्यातील माणसाला हे सांगण्याची गरज नसावी. ज्या मागाचा धोटा उडतो, त्याच मागाच्या थानात दोष निघतात. पिकर झिजलेला असतो, धोट्याची पेटी ढिली असते किंवा ताण्याच्या तुटलेल्या तारा वेळेवर जोडलेल्या नसतात. तोच धोटा आज कापड खराब करतो आणि उद्या शेजारच्या मागावरील माणसाचा डोळा फोडतो. दुरुस्ती एकच आहे, फायदे दोन.

आपल्या कारखान्यातील धोके

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी असो की सोलापूर, यंत्रमागाच्या शेडमधील धोके थोड्याफार फरकाने सारखेच आहेत.

पहिला धोका फिरत्या भागांचा. पट्टा, पुली आणि गिअर यांवर झाकण नसते. असले तरी दुरुस्तीच्या वेळी काढलेले पुन्हा बसवले जात नाही. लुंगीचा सोगा, गळ्यातील गमछा, ओढणी किंवा मोकळे केस त्यात सापडतात. मीटरवर मजुरी असल्यामुळे माग बंद न करता साफसफाई करण्याची सवय लागलेली असते. अशा वेळी माग बंद ठेवण्याच्या त्या पाच मिनिटांचे पैसे कामगाराच्या मजुरीतून जाता कामा नयेत, हे मालकाने स्वतः ठरवले पाहिजे. नाहीतर नियम कागदावरच राहील.

दुसरा धोका विजेचा व आगीचा. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार घालणे, मंजूर भारापेक्षा जास्त यंत्रे चालवणे, उघडे जोड, आणि त्या सगळ्यावर बसलेला कापसाचा फुफाटा. मोटारीवर आणि वायरींवर बसलेला हा फुफाटा एका ठिणगीने पेट घेतो आणि आग पाहता पाहता छतापर्यंत जाते. जिन्याखाली ठेवलेली सुताची पोती आणि कापडाच्या गाठी बाहेर पडण्याची वाटच पेटवतात. ढाक्याजवळील ताझरीन कारखान्यात २४ नोव्हेंबर २०१२ रोजी हेच झाले. तळमजल्यावर कापड व सूत साठवलेले होते आणि सगळे जिने तिथेच उतरत होते. धोक्याची घंटा वाजली तेव्हा काही मजल्यांवर वरिष्ठांनी कामगारांना परत कामावर बसवले. किमान ११२ माणसे गेली.

तिसरा धोका आवाजाचा. कानाला ९० डेसिबलचा आवाज ८ तास आणि ९५ डेसिबलचा ४ तासच, अशी आपल्याकडील कारखाना नियमांची मर्यादा राहिली आहे. साध्या धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज सहज ९५ च्या पुढे जातो आणि पाळी तर १२ तासांची असते. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर तो आवाज कानाला घातक आहे, हे यंत्राशिवायही कळते. बहिरेपणा हळूहळू येतो आणि एकदा गेलेले ऐकू परत येत नाही.

चौथा धोका धुळीचा. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस हा छातीचा विकार होतो. त्याची खूण अशी की, साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते व श्वास लागतो. रविवारी सुट्टी असणाऱ्या देशांत याला सोमवारचा ताप म्हणत. मालेगावसारख्या शुक्रवारी माग बंद असणाऱ्या गावांत ही तक्रार शनिवारी दिसेल. एखादा कामगार दर शनिवारी खोकत येत असेल तर त्याला आळशी न म्हणता डॉक्टरकडे पाठवावे.

सायझिंगमधील बॉयलर, प्रोसेस हाऊसमधील रसायने आणि जड बीम उचलताना होणाऱ्या पाठीच्या दुखापती हे याखेरीज.

धोका कमी करण्याचा क्रम

धोका सापडला की सामान्यतः आपण कामगाराला "संभाळून काम कर" असे सांगतो. हा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत निरुपयोगीही. बारा तास उभा असलेला माणूस प्रत्येक क्षणी सावध राहू शकत नाही. म्हणून जाणकारांनी एक क्रम ठरवला आहे.

१) धोकाच काढून टाकता येतो काय ते पाहावे. जिन्याखालची पोती दुसरीकडे हलवली की तो धोका संपला.

२) ते शक्य नसेल तर कमी धोक्याची वस्तू किंवा यंत्र आणावे. रेपियर मागात धोटा नसतो, म्हणून तो उडण्याचा प्रश्नही नसतो.

३) तेही परवडत नसेल तर माणूस व धोका यांच्यामध्ये आडकाठी घालावी. पट्ट्याला जाळी, गिअरला झाकण, धोटा उडू नये म्हणून हत्यासमोर सळई आणि मागाच्या दोन्ही टोकांना जाळी. विजेच्या बोर्डावर गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र बसवावे. ही कामे गावातला लोहार आणि चांगला इलेक्ट्रिशियन करू शकतो.

४) त्यानंतर नियम व शिकवण. फुफाटा रोज पाळी बदलताना काढायचा. झाकण नसलेला माग चालू करायचा नाही.

५) सर्वांत शेवटी कानातील बोळे, नाकावरील मास्क, हातमोजे. ही साधने जरूर द्यावीत, पण वरच्या चार पायऱ्या टाळण्याची सबब म्हणून देऊ नयेत.

जबाबदारी आणि थांबवण्याचा हक्क

"सगळ्यांची जबाबदारी" म्हणजे कोणाचीच नाही. विजेचा बोर्ड कोणी पाहायचा, झाकणे कोणी तपासायची, रात्रपाळीत बाहेरच्या दरवाजाची किल्ली कोणाकडे, हे नावानिशी लिहून भिंतीवर लावावे. खरे म्हणजे माणसे आत असताना दरवाजाला बाहेरून कुलूप नकोच. चोरीची भीती असेल तर आतून एका झटक्यात उघडेल अशी कडी बसवावी. दिल्लीच्या अनाज मंडीत ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे लहान लहान कारखाने असलेल्या इमारतीला आग लागली, तेव्हा आत झोपलेले कामगार अडकले आणि ४३ जण मेले. कामगार शेडमध्ये किंवा पोटमाळ्यावर झोपत असतील तर त्यांची व्यवस्था दुसरीकडे करणे हे सर्वांत आधीचे काम समजावे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काम थांबवण्याचा हक्क. कामगार सांगतो, "सेठ, तीन नंबरचा धोटा उडतोय," आणि उत्तर मिळते, "थान पुरे होऊ दे, मग बघू." अनेक मोठे अपघात याच "मग बघू"मधून झालेले आहेत. ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही आठमजली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि १,१३४ माणसे मेली. आदल्या दिवशी तिच्या खांबांना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरील बँकेने आपली माणसे दुसऱ्या दिवशी बोलावली नाहीत. वरच्या मजल्यांवरील कपड्यांच्या कारखान्यांनी मात्र कामगारांना कामावर घेतले, कारण माल वेळेवर पाठवायचा होता. धोका माहीत होता, काम थांबवा म्हणण्याचा अधिकार मात्र कामगारांपैकी कोणालाच नव्हता. म्हणून आपल्या कारखान्यात एवढे तरी जाहीर करावे की, धोका दिसल्यास कोणताही कामगार माग बंद करू शकतो आणि त्याची मजुरी कापली जाणार नाही.

कामगाराला विचारा, त्याच्या भाषेत सांगा

कोणता माग कधी झटका देतो हे मालकापेक्षा त्यावर उभ्या असणाऱ्याला जास्त माहीत असते. मालक, मुकादम, जॉबर आणि दोन-तीन कामगार अशी लहान समिती करावी. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी अर्धा तास बसावे. सुरक्षा समितीची सक्ती कायद्याने मोठ्या कारखान्यांनाच आहे. साधारणपणे ५०० कामगारांच्या, आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० कामगारांच्या कारखान्याला. पण आपल्याला कोणी मनाई केलेली नाही.

आपल्या कामगारांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तेलंगणा येथील माणसे आहेत. पुष्कळांना वाचता येत नाही. मराठी किंवा इंग्रजी पाटी लावून उपयोग नाही. नवीन माणसाला पहिल्या दिवशी माग देण्यापूर्वी त्याच्या बोलीत सांगावे, हाताने दाखवावे आणि त्याच्याकडून करवून घ्यावे. मेन स्विच कुठे, बाहेरची वाट कोणती, अग्निशामक नळकांडे कसे चालवायचे: पिन काढायची, आगीच्या मुळाशी नेम धरायचा, दांडी दाबायची आणि डावी-उजवीकडे फवारा फिरवायचा. विजेच्या आगीवर पाणी टाकायचे नाही. सहा महिन्यांतून एकदा खोटी घंटा वाजवून सगळ्यांना बाहेर काढून पाहावे. किती मिनिटे लागली ते लिहावे.

एक साधी वही

शंभर पानी वही घ्यावी आणि तारीख, पाळी, मागाचा नंबर, काय घडले, काय केले असे पाच रकाने आखावेत. जखम झाली तरच लिहायचे असे नाही. धोटा उडाला पण कोणाला लागला नाही, बोर्डातून धूर आला आणि थांबला, बीम निसटला पण पाय वाचला, हे सगळे लिहावे. जीव घेणारा अपघात होण्यापूर्वी अशा थोडक्यात टळलेल्या घटना पुष्कळदा होऊन गेलेल्या असतात. महिन्याने वही उघडली की एकाच मागाचा नंबर चार वेळा दिसेल. मग दुरुस्ती कुठे करायची हे कोणाला विचारावे लागत नाही. मात्र एक अट आहे. खरे लिहिणाऱ्याला दटावू नये. एकदा दटावले की वही कोरी राहील आणि धोके तसेच राहतील.

कायदा आणि हिशेब

कामाच्या सुरक्षेची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तीत कारखान्याची व्याख्या विजेवर चालणाऱ्या ठिकाणी २० कामगारांची आणि विजेविना ४० कामगारांची आहे. आपल्याकडे एका छपराखाली चार नावांचे चार कारखाने दाखवण्याची पद्धत आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. कागदावर त्याने कायदा टळेल, पण आग नावे वाचून पसरत नाही.

आता आकडे पाहू. ३० वर्षांचा, महिना १५,००० रुपये मजुरीचा कामगार कामावर मेला, तर कायद्यातील भरपाईच्या सूत्राने निम्म्या मजुरीला वयाच्या २०७.९८ या अंकाने गुणले जाते. म्हणजे सुमारे १५ लाख ६० हजार रुपये. लहान कारखानदार यातून उभा राहू शकत नाही. उलट ईएसआय योजनेत जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा मजुरीच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. १५,००० वर मालकाला महिना ४८७ रुपये ५० पैसे पडतात. अपघात झाल्यास भरपाईचा बोजा महामंडळ उचलते आणि मृत्यू झाल्यास वारसांना मजुरीच्या सुमारे ९० टक्के दरमहा मिळतात. १० किंवा अधिक कामगार असतील तर ही नोंदणी टाळणे म्हणजे थोडक्यासाठी सगळे पणाला लावणे आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैत, द्यावे लागते. ते पैसे देऊन नुसते शिक्का मारून घेऊ नये. एजन्सीच्या माणसाकडून यंत्रणा समोर चालवून घ्यावी.

व्यापाऱ्यांनीही ऐकावे

हा लेख लिहिणारा स्वतः कापडाचा व्यापारी आहे, म्हणून ही गोष्ट सांगणे भाग आहे. आम्ही सूत देतो, ग्रे कापड घेतो आणि मजुरीचा दर ठरवतो. सणाच्या तोंडावर "चार दिवसांत माल हवा" असा तगादा आम्हीच लावतो. दर इतका खाली नेतो की मागवाल्याला जाळी बसवणे जिवावर येते. राणा प्लाझानंतर दोनशेहून अधिक परदेशी खरेदीदार कंपन्यांनी कामगार संघटनांशी कायद्याने बांधील करार केला आणि बांगलादेशातील १,६०० हून अधिक कारखान्यांची तपासणी झाली. माल घेणाऱ्याचीही जबाबदारी असते, हे तिथे एवढ्या मृत्यूंनंतर मान्य झाले. आपण त्याची वाट का पाहावी? ज्या मागवाल्याकडून माल घेतो त्याची शेड एकदा पाहून येणे, दुरुस्तीसाठी दोन दिवस मागितले तर ते देणे, आणि काम चांगले ठेवणाऱ्याला दरात थोडे झुकते माप देणे एवढे तरी आपल्या हातात आहे.

कारखानदार बंधूंनो, यासाठी मोठ्या भांडवलाची गरज नाही. येत्या सुट्टीच्या दिवशी माग बंद असताना मुकादमाला आणि सर्वांत जुन्या कामगाराला बरोबर घ्या. दारापासून सुरुवात करून शेवटच्या मागापर्यंत चालत जा. प्रत्येक ठिकाणी त्या कामगाराला विचारा, "इथे काय होऊ शकते?" तो जे सांगेल ते लिहा. त्यातील पाच कामे निवडून पुढच्या सुट्टीपर्यंत कोण करणार त्याचे नाव समोर घाला. पुढच्या सुट्टीला तीच यादी घेऊन पुन्हा चाला. ही फेरी ज्या कारखान्यात बंद पडत नाही, त्या कारखान्यातील माणसे पाळी संपवून सुखरूप घरी जातील याची आशा धरता येते.